पुढच्या घासाचा भरवसा

रोजा सोडण्याची वेळ ठरलेली असते. मशिदीच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या गल्ल्याजवळ, घरातल्या फ्रिजच्या दारावर महिनाभराचे वेळापत्रक चिकटवलेले असते. मगरिबची अजान आज किती वाजून किती मिनिटांनी होणार, हे जामनेरच्या घराघरांतल्या लहान मुलांनाही पाठ असते. दिवसभर पोट रिकामे राहते, घसा कोरडा पडतो; पण संध्याकाळी समोर खजूर आणि पाणी येणार, याविषयी मनात शंका नसते. ज्या घरात आज चूल पेटेल की नाही हेच सकाळी सांगता येत नाही, त्या घरची भूक वेगळी. तिला वेळापत्रक नसते.

या दुसऱ्या भुकेला वेळापत्रक लावून देण्याचा प्रयत्न सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका तरुण राजाने केला. शाहू छत्रपतींचे नाव निघाले की आरक्षण आठवते, सक्तीचे शिक्षण आठवते, कुस्तीचे खासबाग मैदान आठवते. या साऱ्याच्या मुळाशी भाकरीचा प्रश्न होता, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

दुष्काळाच्या सावलीत जन्म

शाहूंचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. पाळण्यातले नाव यशवंतराव. ते दोन वर्षांचे झाले आणि 1876 चा पाऊस दगा देऊन गेला. दख्खन आणि मद्रास इलाख्यातला तो दुष्काळ 1878 पर्यंत पुरला. देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे त्यात दगावली, असा अंदाज आहे. त्या काळच्या इंग्रज सरकारचे धोरण सरळ होते: धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला किती मिळाले की तो जगेल, याचा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला आणि मजुरी एक रतल धान्याच्या आसपास आणून ठेवली. खडी फोडणाऱ्या माणसाचे पोट तेवढ्यावर भरत नव्हते. मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी ही कामेच सोडून दिली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवत राहिली.

कागलच्या वाड्यातल्या बाळाला याची आठवण असण्याचे कारण नाही. पण त्याच्या रयतेच्या घराघरांत ती आठवण ताजी होती.

17 मार्च 1884 रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि कोल्हापूरच्या गादीला शाहू मिळाले. शिक्षण राजकोटला आणि पुढे धारवाडला सर स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली झाले. 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हाती आला तेव्हा महाराजांना विसावे वर्षही पूर्ण व्हायचे होते. कारभार समजून घेण्यासाठी त्यांनी संस्थानात दौरे सुरू केले. खेड्यात उतरायचे, शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलायचे, त्यांच्यात बसून खायचे, ही सवय त्यांना तेव्हापासून लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. दोनच वर्षांत या सवयीची कसोटी लागली.

बाजारात धान्य, घरात नाही

1896 साली पाऊस पुन्हा फसला. दुष्काळापाठोपाठ प्लेग आला. मधली दोन वर्षे कशीबशी गेली आणि 1899-1900 चा दुष्काळ उभा राहिला. विक्रम संवत 1956 मधला म्हणून खानदेशात तो छप्पन्या या नावाने ओळखला गेला. तापीच्या काठची गावेही त्यातून सुटली नाहीत.

दुष्काळ म्हणजे धान्यच संपले, असे दुरून वाटते. प्रत्यक्षात पेठेत पोती असतात. भाव चढत जातो, हाताला काम नसते, आणि पोत्यासमोर उभा असलेला माणूस उपाशी परततो. पुढे 1981 साली अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास मांडून ही गोष्ट जगाला पटवून दिली: अन्न असणे आणि अन्न विकत घेण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरच्या दरबाराने हा ग्रंथ वाचला असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी बाजाराचा भाव पाहिला आणि तिथूनच सुरुवात केली.

संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली. व्यापाऱ्यांना बोलावून दरबाराने पैशाचा आधार दिला. बाहेरून धान्य आणावे आणि माफक भावात विकावे, असा मार्ग काढला. ज्या काळात भावाला हात लावणे हे सरकारचे काम नाही असे वरिष्ठ सत्ता मानत होती, त्या काळात एका मांडलिक संस्थानाने उचललेले हे पाऊल लहान नव्हते.

पण स्वस्त धान्य घ्यायलाही पैसा लागतो. म्हणून रस्ते, तलाव, विहिरी यांची कामे काढली. मजुरी मिळू लागली. या कामांवर बायका मोठ्या संख्येने येत. कडेवरचे मूल उन्हात दगडांच्या ढिगाजवळ झोपवायचे आणि टोपली उचलायची, हा त्यांचा दिनक्रम. त्या मुलांसाठी कामाच्या ठिकाणी शिशुगृहे काढण्यात आली. आईला मजुरी मिळाली तरी तान्ह्या मुलाचे पोट आणि सावली हा वेगळा प्रश्न उरतो, हे कोणाच्या तरी लक्षात आले होते. म्हातारे, अपंग, ज्यांच्याने काम होणारच नाही, त्यांच्यासाठी निराधार आश्रम उघडून जेवणाची सोय केली गेली.

माणसाबरोबर जनावराचा विचार झाला. बैल विकला गेला किंवा मेला की पुढच्या पावसात शेतकऱ्याच्या हाती काही उरत नाही; म्हणजे यंदाचा दुष्काळ पुढच्या सालीही चालूच राहतो. म्हणून संस्थानाची राखीव जंगले चराईला मोकळी केली, वैरणीची सोय केली, सारा तहकूब केला, तगाई दिली. महाराज स्वतः डोंगराळ मुलखात घोड्यावरून फिरले. कामावर किती माणसे आहेत, धान्य पोहोचले का, पाणी कुठून येते, हे ते जागेवर जाऊन पाहत.

दुष्काळात माणसे दगावली नाहीत असे नाही. प्लेगने कोल्हापुरातही घरे रिकामी केली. पण उपाशी माणसाला उपकार म्हणून तुकडा टाकणे आणि त्याच्या जेवणाची जबाबदारी राज्याने घेणे, यांतला फरक या वर्षांत रयतेने पाहिला. राजालाही तो तिथेच उमगला असावा, कारण त्याच्या पुढच्या सगळ्या कामांवर त्याची खूण दिसते.

वार लावायचा कोणाकडे?

दुष्काळ सरला, पण भूक सरली नाही. ती आता शाळेच्या दारात उभी होती.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, हायस्कूल होते. खेड्यातून हुशार मुलगा शिकायला आला तर फी माफ होऊ शकत होती. पण रात्री जेवायचे कुठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी समाजाने एक व्यवस्था घालून दिली होती: माधुकरी मागायची, किंवा आठवड्याचे सात वार सात घरी लावून घ्यायचे. त्यात कष्ट होते, क्वचित अपमानही होता, पण दार होते. मराठा कुणब्याच्या मुलाला, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, चांभार मुलाला शहरात असे दार नव्हते. खोली मिळायची नाही, मिळाली तर चूल पेटवणारे कोणी नाही. बापाने गावाकडून पाठवलेल्या भाकरी दोन दिवसांत वाळून जायच्या. मुलगा परत जायचा आणि हा समाज शिकण्यासारखा नाही, असे म्हणायला लोक मोकळे व्हायचे.

महाराजांनी आधी, 1896 च्या सुमारास, सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गापुरता राहिला. एकत्र पंगतीला बसण्याची समाजाची तयारी नव्हती आणि व्यवस्थापन ज्यांच्या हाती, पंगत त्यांचीच, असे झाले. मग त्यांनी वेगळी वाट धरली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच सुमारास जैन बोर्डिंग, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग, 1907 साली लिंगायत बोर्डिंग, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही रांग पुढेही वाढत गेली. जागा दरबाराची, दरसाल मदत दरबाराची, आणि उरलेला भार त्या त्या समाजाने उचलायचा, अशी ही रचना होती.

मुस्लिम बोर्डिंगची कथा मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मुसलमान समाजातून पुढाकार घ्यायला सुरुवातीला कोणी येत नव्हते. महाराजांनी वाट पाहत बसण्याऐवजी काही मुसलमान विद्यार्थ्यांची सोय मराठा बोर्डिंगमध्येच केली. मग 1906 साली शहरातल्या मुसलमानांना एकत्र बोलावले, शिक्षण संस्था स्थापन करवली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षण संस्थेचा अध्यक्ष होणे त्या काळातही कुतूहलाचे होते. उस्ताद अल्लादिया खाँ त्यांच्या दरबारात गात होते. कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणून त्यांनी दरबारातून पैसा दिला होता. पण खेड्यातल्या एखाद्या पिंजाऱ्याच्या किंवा मुलाण्याच्या पोरासाठी या सगळ्याहून मोठी गोष्ट एकच होती: शाळा सुटल्यावर परत जायला एक दार होते आणि आत ताट वाढलेले होते.

जातवार बोर्डिंगांवर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. वेगवेगळ्या चुली मांडून जातीच्या भिंती पक्क्याच झाल्या, हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. पण 1901 साली प्रश्न असा होता की एका पंगतीची वाट पाहायची, की तोवर मुलांना जेवू घालायचे. महाराजांनी मुलांना जेवू घातले.

पुढे 26 जुलै 1902 रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. याच वर्षीच्या डिसेंबरात मराठा शिक्षण परिषदेसाठी महाराज खामगावला आले होते. मलकापूरच्या पलीकडचे हे गाव जामनेरकरांना परके नाही. कोल्हापूरच्या बोर्डिंगांची हवा वऱ्हाड-खानदेशाच्या वेशीपर्यंत आली होती. 1919 साली कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी दिली.

एक कप चहा

पोट भरले तरी एक भूक उरते. हातचे खाल्ले जाण्याची, बरोबरीने बसवले जाण्याची. गंगाराम कांबळे यांची हकिगत या भुकेची आहे.

गंगाराम महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना पैसे देऊन शहरातल्या रहदारीच्या रस्त्यावर चहाचे दुकान काढून दिले. सत्यसुधारक हॉटेल हे त्याचे नाव. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता आणि गिऱ्हाईक येत नव्हते. महाराच्या हातचा चहा कोण पिणार?

मग महाराजांची गाडी दुकानासमोर थांबू लागली. गाडीतल्या सरदारांना, कारकुनांना, कामासाठी मागे लागलेल्या प्रतिष्ठितांना सोबत घेऊन महाराज तिथे चहा मागवत. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांना नाही म्हणता येत नसे. कागदावर सही हवी असेल तर आधी गंगारामांचा चहा, असा जणू शिरस्ता पडला. एका दुकानाने अस्पृश्यता गेली नाही. पण दरबाराचा हुकूम जिथे पोहोचत नाही तिथे एक कप चहा पोहोचतो, हे कोल्हापूरने पाहिले. पुढे 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अस्पृश्य समाजाचा नेता म्हणून पुढे केले, त्यामागे अशी अनेक वर्षांची वाटचाल होती.

पाण्याची बांधबंदिस्ती

दुष्काळ येणार, दुकाने उघडायची, तो जाणार, दुकाने मिटायची. हे चक्र महाराजांना पुरेसे वाटले नाही. छप्पन्यानंतर लगेच त्यांनी संस्थानातल्या विहिरी, तळी, ओढे यांची पाहणी करवली आणि पाटबंधाऱ्याचे धोरण आखले. भोगावती नदीवर मोठे धरण बांधायचे ठरले. तिथे वसवलेल्या गावाला कन्येच्या नावावरून राधानगरी म्हटले गेले. 1909 च्या सुमारास काम सुरू झाले. संस्थानाच्या तिजोरीला ते झेपणारे नव्हते. 1918 पर्यंत जेमतेम चाळीस फुटांची उंची गाठून काम थांबले.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. धरण अपुरेच होते. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले आणि आज त्याच्या पाण्यावर कोल्हापूरची ऊस-भाताची शेते उभी आहेत. ज्या रयतेच्या बैलांसाठी जंगल मोकळे करावे लागले होते, तिच्या नातवंडांनी पाण्याची वाट पाहणे सोडले.

महाराज संत नव्हते. शिकार, कुस्ती, हत्ती-घोडे यांचा त्यांना शौक होता. इंग्रज सत्तेशी त्यांचे जमवून घेणे अनेकांना खटकले. पण तिजोरी ही रयतेची अमानत आहे आणि तिचा पहिला हिस्सा उपाशी माणसाचा आहे, ही गोष्ट त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत नजरेआड होऊ दिली नाही.

आजची रांग

ज्या कल्पना कोल्हापुरात एका राजाच्या मर्जीवर उभ्या होत्या, त्या आज कायद्यात आल्या आहेत. 1972 च्या मोठ्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे राज्यभर काढली. शाळेतल्या मुलांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनच्या धान्याला हक्काचे रूप दिले. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. स्वस्त धान्याचे दुकान, दुष्काळी काम, बोर्डिंगचे ताट, सगळ्याचे धागे मागे जाऊन त्या काळाला मिळतात.

तरी भरवसा अजून पुरता आलेला नाही. कपाशी वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. कार्डावर सुनेचे नाव चढलेले नसते. ऊसतोडीला गेलेल्या घराचे कार्ड गावात आणि पोट परजिल्ह्यात असते. खेड्यातून तालुक्याला शिकायला आलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर तिचे शिक्षण अजूनही रात्रीच्या जेवणापाशीच थांबते. धान्य गोदामात आहे, नियम कागदावर आहे, आणि मधला तेवढा रस्ता अजून कोणीतरी चालून जाऊन पाहायचा आहे, जसा महाराज घोड्यावरून जाऊन पाहत.

रमजानात जामनेरच्या गल्ल्यांतून संध्याकाळी ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. झाकलेल्या रुमालाखाली काय आहे आणि ते कोणाकडे चालले आहे, हे विचारायचे नसते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून तो रुमाल असतो. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा, तोही याच हिशेबाने, की त्या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड राहू नये. एक दिवसाचा, एका महिन्याचा भरवसा शेजारी देऊ शकतो. बाराही महिन्यांचा भरवसा व्यवस्थेला द्यावा लागतो. शाहू महाराजांच्या कारकिर्दीतून हेच दिसते, आणि दरवर्षी 26 जूनला सामाजिक न्याय दिनाचे हार घालताना तेवढे एक विसरले जाऊ नये.

अजान होते. घराघरांत हात खजुराकडे जातात. गल्लीच्या टोकाच्या घरातही या वेळी दिवा लागलेला असतो. तिथल्या चुलीचे वेळापत्रक कोणाच्या भिंतीवर लावलेले आहे, एवढेच विचारायचे राहते.